केमोनंतरचा ताप आणि अनोळखी जंतू



साहित्याच्या व्याख्यानमालेत जंतूंचे काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. कार्यवाहांनी विषय माझ्यावर सोडला तेव्हा जुन्या जैन कथांवर काही बोलावे असा माझा विचार होता. पण त्या विषयातली अधिकारी मंडळी समोरच्या रांगेत बसलेली असणार, हे लक्षात आल्यावर तो बेत सोडला. दवाखान्यात रोज जे दिसते त्यावरच बोलावे, हे बरे. नात्यागोत्यात कोणीच केमोथेरपी घेतलेली नाही असे घर आता आमच्या बेळगाव-खानापूर भागात शोधावे लागेल. पेशंट मुंबईला जातो, बंगळुरूला जातो किंवा इथेच उपचार घेतो. सलाईन संपले की घरी येतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे तो डॉक्टरांच्या नव्हे, तुमच्या ताब्यात असतो. त्या दिवसांत ताप आला तर शरीरात काय चाललेले असते, रक्तात कोणकोणते जंतू सापडतात आणि घरच्यांनी काय करायचे, हा माझा विषय आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी बी. एच. एम. एस. आहे. लोक ज्यांना साबुदाण्याच्या गोळ्या म्हणतात त्या देण्यात माझी उमर गेली. माझ्या शास्त्राबद्दल मला आदर आहे. पण केमो घेतलेल्या माणसाला ताप आला, तर मी गोळ्यांची पेटी उघडत नाही. चिठ्ठी लिहितो आणि गाडी बोलवायला सांगतो. 'डॉक्टर, रात्रीपुरतं तुमचं काहीतरी द्या, सकाळी बघू' असे म्हणणारे घरटी एक जण असते. त्या 'सकाळी बघू'वरच आजचे बरेचसे बोलणे आहे.

आधी शब्दांकडे येऊ, कारण साहित्य मंडळात आलो आहे. मराठीत तापाच्या अलीकडे-पलीकडे किती शब्द आहेत पाहा. कणकण, कसर, हीव, हुडहुडी, अंग मोडून येणे, तोंड कडू होणे, डोळ्यांतून वाफा येणे. थर्मामीटरचा पारा चढण्याआधी शरीर बोलते ते याच शब्दांत. आमची एखादी आजी म्हणते, 'ताप न्हाई ओ, नुसती कणकण हाय.' ही कणकण रुग्णालयाच्या इंग्रजी केसपेपरवर उतरताना 'ताप नाही' होऊन बसते. नर्सने लावला तेव्हा थर्मामीटर ९९ दाखवत होता, आणि दोन तासांपूर्वी घरी पॅरासिटामॉल दिल्याचे कोणी सांगितलेले नसते. पेशंट मराठी बोलतो, नर्स कानडी बोलते, कागद इंग्रजी बोलतो. सीमाभागात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून केमो घेतलेल्या माणसाची कणकण हा ताप समजावा, लगेच थर्मामीटर लावावा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवावा. तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर १००.४, म्हणजे सेल्सिअसमध्ये ३८ अंश दिसले की ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे फोन करायचा आणि निघायचे. आकडा बघण्याआधी पॅरासिटामॉल द्यायचे नाही. तापाचा आकडा झाकला जातो, आजार तसाच राहतो. हुडहुडी भरली, माणूस असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघायचे. स्टेरॉइड चालू असलेल्यांना आणि वयस्कांना कधी कधी ताप येतच नाही.

एरवीच्या माणसाला १०१ ताप आला तर दोन दिवस वाट बघता येते. मग इथे एवढी घाई का? याचे उत्तर पांढऱ्या पेशींत आहे. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बहुधा न्यूट्रोफिल जातीच्या. जंतू शिरला की पहिल्यांदा धावतात त्या याच. त्यांचे रक्तातले आयुष्य फार थोडे, त्यामुळे हाडांतल्या मगजाला रोज नव्या कराव्या लागतात. निरोगी मगज दिवसाला शंभर अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल तयार करतो. केमोचे औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, आणि मगजातल्याही. म्हणून औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान न्यूट्रोफिलचा आकडा तळाला जातो आणि मग वर येतो. रक्ताच्या कर्करोगात हा तळ जास्त दिवस टिकतो.

आता गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, पू ज्याला आपण म्हणतो तो बराचसा या न्यूट्रोफिलच्या प्रेतांचा असतो. सूज, लाली, ठणका, पू ही सगळी लढाईची चिन्हे. सैन्यच नसेल तर लढाई कुठली? फुप्फुसात जंतू वाढत असतात आणि एक्स-रे स्वच्छ दिसतो. गुदद्वाराशी गळू होत असते आणि वरून नुसते दुखते, दिसत काही नाही. चिन्ह म्हणून उरतो तो एकटा ताप. त्यालाही पॅरासिटामॉलने गप्प केले, तर मागे काय राहिले?

हे आकड्यात पहिल्यांदा नीट मांडले गेले ते १९६६ साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी सतत मोजल्या आणि त्यांच्या संसर्गांशी ताडून पाहिल्या. हजाराच्या खाली संसर्ग वाढू लागतात, पाचशेच्या खाली झपाट्याने वाढतात, आणि शंभराच्या खाली तर विचारू नये. आकडा किती खाली गेला याइतकेच तो किती दिवस खाली राहिला यालाही महत्त्व आहे, हेही त्यांनी दाखवले. त्या निबंधाच्या चार लेखकांत 'वाय. एस. साठे' असे एक नाव आहे. मी त्या नावापाशी नेहमी थोडा थांबतो. आज जगातला कोणताही कर्करोगतज्ज्ञ 'काउंट पाचशेच्या खाली आहे का?' असे विचारतो, तेव्हा तो त्या निबंधाशीच बोलत असतो.

त्यानंतरचा टप्पा १९७१चा. तोवरची रीत अशी, की ताप आला की रक्त तपासायला पाठवायचे, जंतू कोणता ते कळले की औषध द्यायचे. शास्त्रशुद्ध रीत. पण स्यूडोमोनास नावाचा जंतू रक्तात असला, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत पुष्कळ रुग्ण निघून गेलेले असत. स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत उलटी केली. रक्त घ्या, आणि निकालाची वाट न बघता स्यूडोमोनाससकट बहुतेकांना पुरी पडतील अशी दोन प्रतिजैविके लगेच सुरू करा. त्यांनी कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन वापरली. पुरावा हाती यायच्या आत औषध देणे हे आमच्यासारख्या लक्षणे नोंदवत बसणाऱ्या वैद्यांना रुचणारे नाही. पण माणसे वाचू लागली. औषधे बदलली, रीत तीच आहे. आज सांगतात की दारात पाऊल टाकल्यापासून तासाभरात पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे.

तुम्ही 'कल्चर' हा शब्द रिपोर्टवर वाचला असेल. संस्कृतीशी त्याचा इथे संबंध नाही. विरजणाशी आहे. दुधाला चमचाभर दही लावून उबेला ठेवतो, तसे रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून अंगाच्या उबेत ठेवतात. त्यात जंतू असेल तर वाढतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या बुडाचा रंग बदलतो आणि यंत्र शिट्टी मारते. मोठ्या माणसाच्या रक्तात हे जंतू अनेकदा इतके विरळ असतात की एका मिलिलिटरमध्ये एखाददुसराच सापडावा. म्हणून एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते आणि दोन वेगवेगळ्या जागांहून घ्यावे लागते. 'आधीच रक्त कमी, त्यात एवढं काढताय?' म्हणून नातेवाईक भांडतात. भांडू नका. ते रक्त पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी घेतलेले असले तर निकालाला किंमत असते. एवढे करूनही न्यूट्रोफिल उतरल्यावर आलेल्या तापांपैकी फक्त दहा ते पंचवीस टक्क्यांत रक्तातला जंतू हाती लागतो. बाकीच्यांत तो सापडत नाही. याचा अर्थ संसर्ग नव्हता असा नाही.

आणि जे सापडतात त्यांत बहुतेक नेहमीचेच: ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, कातडीवरचे स्टॅफिलोकोकस, तोंडातले स्ट्रेप्टोकोकस. उरलेले थोडे मात्र असे, की रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरही नाव दोनदा वाचतो. मला या थोड्यांबद्दलच जास्त बोलायचे आहे, कारण एरवी ज्यांना आपण निरुपद्रवी म्हणून शेजारी राहू देतो, तेच हे.

इडलीचे पीठ रात्री भिजवून ठेवले की सकाळी फुगून वर येते. ते फुगवणाऱ्या जंतूंतला प्रमुख ल्यूकोनॉस्टॉक. हजारो वर्षांचा आपल्या स्वयंपाकघरातला सोबती. धडधाकट माणसाला तो आजारी पाडत नाही. पण न्यूट्रोफिल नसलेल्या आणि छातीच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेल्या माणसाच्या रक्तात तो सापडल्याच्या नोंदी आहेत. त्याची खोड अशी, की व्हॅन्कोमायसिन हे भारी प्रतिजैविक त्याच्यावर मुळातच चालत नाही आणि साधे पेनिसिलिन बहुधा चालते. डॉक्टरने मोठी तोफ डागली, ताप हटला नाही, आणि नंतर कळले की इथे जुनी बंदूक हवी होती. लगेच इडली बंद करू नका. वाफेवर शिजताना तो मरतो, आणि रक्तात शिरतो तो बहुधा पेशंटच्याच आतड्यातून, केमोने आतड्याचे अस्तर सोलले गेल्यावर. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचीही गोष्ट तशीच. औषधाच्या दुकानात 'चांगले जंतू' म्हणून ज्या प्रोबायोटिक कॅप्सूल मिळतात, त्यांतला जंतू अशा रुग्णाच्या रक्तात उतरल्याची उदाहरणे आहेत. अँटिबायोटिकबरोबर त्या आपोआप देण्याची सवय आपल्याकडे फार झाली आहे. केमोच्या पेशंटला त्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

दुसरा बॅसिलस सीरियस. मातीत, धान्यात, तांदळात असतो. त्याची बीजे भात शिजवला तरी मरत नाहीत, आणि भात तासन् तास बाहेर राहिला की पुन्हा फुटतात. आपल्याला फार तर उलट्या-जुलाब होतात. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात मात्र तो रक्तातून थेट मेंदूत जाऊन गळू करतो. रुग्णालयातल्या चादरी-टॉवेलांतूनही तो पसरल्याचे दिसून आले आहे. त्याची दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. हा जंतू धुळीतही असल्याने, बाटलीत वाढला तर 'बाहेरून पडला असेल' म्हणून तो बाजूला टाकला जाऊ शकतो. निरोगी माणसात तो शेरा बहुधा बरोबर ठरतो. न्यूट्रोफिल शंभर असलेल्या माणसात तोच शेरा घातक. म्हणून तपासणीच्या अर्जावर 'केमो चालू' हे दोन शब्द लिहिलेले असणे फार मोलाचे आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला पेशंट दिसत नाही. त्याला फक्त बाटली आणि अर्ज दिसतो.

पाण्यातले जंतू हे आणखी एक घराणे. नळाची तोटी, बेसिनची जाळी, नेब्युलायझरची कुपी अशा ओल्या जागी ते चिकट थर धरून राहतात. त्यांतल्या एकाचे नाव एलिझाबेथकिंगिया. अमेरिकेत अटलांटाच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत एलिझाबेथ किंग नावाच्या बाई होत्या. दुसऱ्यांना ओळखता न आलेले जंतू त्यांच्याकडे ओळख पटवायला येत. १९५९ साली त्यांनी तान्ह्या मुलांच्या मेंदूज्वरातल्या एका अनोळखी जंतूगटाचे वर्णन केले. त्या १९६६मध्ये गेल्या. पुढे २००५ साली त्या जंतूंना त्यांचे नाव मिळाले. लेखकांच्या नावाने रस्ते आणि सभागृहे असतात, या बाईंच्या नावाने हट्टी जंतू आहे. कार्बापेनेम गटाची, म्हणजे शेवटची राखीव मानलेली औषधेही त्याच्यावर बहुधा चालत नाहीत. त्याच घराण्यातला स्टेनोट्रोफोमोनास. तोही कार्बापेनेमला जन्मजात दाद देत नाही. उलट ती औषधे दिवसेंदिवस चालू राहिली, इतर जंतू मेले, मैदान मोकळे झाले की हा पुढे येतो.

या स्टेनोट्रोफोमोनासचे नाव मी पुस्तकात वाचले होते, पण ओळख झाली ती एका निवृत्त शिक्षिकेमुळे. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची केमो चालू होती, छातीत पोर्ट बसवलेले होते. दहाव्या दिवशी संध्याकाळी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. घरात दुसऱ्या दिवशी साखरपुडा, अंगणात मांडव पडलेला. बाई म्हणाल्या, 'नुसती कणकण आहे, उद्याचं पार पडेल एवढं बघा.' थर्मामीटर ९९.६. दुपारी पॅरासिटामॉल घेतले होते. मी विचारले, पोर्टमधून औषध किंवा सलाईन गेल्यावर हीव भरले का? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, हो, परवा पोर्ट धुतले त्या रात्री भरले होते. पोर्ट धुतल्यावर हीव, हे वाक्य कोणाही घरच्या माणसाने ऐकले तर लक्षात ठेवावे. जंतू नळीत बसला असल्याचा तो जुना इशारा आहे. मी चिठ्ठी लिहिली: कोणता कर्करोग, कोणते औषध, आज कितवा दिवस, पोर्ट आहे, पॅरासिटामॉल किती वाजता घेतले. मुलाला सांगितले, साखरपुडा तुझ्या मामाला बघू दे.

पहिल्या रुग्णालयात त्यांना केसपेपरच्या रांगेत बसवून ठेवले. ताप नाही म्हणून सकाळी ओपीडीत या, असेही सांगून झाले. मुलगा शहाणा निघाला. चिठ्ठी खिडकीतून आत सरकवून तो तिथेच उभा राहिला आणि सीबीसी करून घेतली. न्यूट्रोफिल दोनशे. मग हालचाल झाली. औषध सुरू झाले तरी तिसऱ्या दिवसापर्यंत ताप हटेना. तेव्हा कल्चरमध्ये स्टेनोट्रोफोमोनास आला, पोर्ट काढले आणि औषध बदलले. नवे औषध म्हणजे को-ट्रायमोक्सॅझोल. माझ्या पिढीला ते सेप्ट्रान म्हणून माहीत आहे. सल्फा गटातले जुने, स्वस्त. महिन्याभराने बाई माझ्याकडे आल्या त्या रागावूनच: साखरपुड्याच्या फोटोत त्या नाहीत.

आपल्या भागात आणखी एक जंतू लक्षात ठेवायला हवा. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांना शवचिकित्सेत एक नवाच रोग दिसला: शरीरभर गळवे, फुप्फुसात क्षयासारखे चट्टे, पण जंतू क्षयाचा नव्हे. हा मेलिऑइडोसिस. त्याचा बर्कहोल्डेरिया जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वर येतो. उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावर तो चांगलाच ओळखीचा झाला आहे. मुख्य बळी मधुमेही, पण कर्करोगाने आणि स्टेरॉइडने दुबळे झालेलेही त्यात असतात. प्रयोगशाळेत तो स्यूडोमोनाससारखा दिसतो आणि चुकीच्या नावाने खपून जातो. छातीचा फोटो बघून क्षयाची औषधे सुरू होतात. उपचार लांबलचक: आधी काही आठवडे शिरेतून, मग निदान तीन महिने तोंडाने. चिखलणीच्या दिवसांत शेतात उतरलेल्या माणसाला असा ताप आला तर 'भाताच्या खाचरात काम केले होते' हे डॉक्टरला आपणहून सांगावे. शहरातल्या तरुण डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही.

आता स्वयंपाकघराकडे. लोक मला सर्वांत जास्त विचारतात ते पथ्याबद्दल, आणि माझ्याकडून जैन आहाराचे गुणगान अपेक्षित असते. आमच्याकडे पाणी गाळून, उकळून पितात, शिळे खात नाहीत, हे खरे. पण गाळण्याच्या फडक्यातून जंतू सहज पार होतात; उपयोग होतो तो उकळण्याचा. फडक्यामागचा हेतू अहिंसेचा आहे, त्याला जंतुशास्त्राची झूल घालू नये असे माझे मत आहे. 'न्यूट्रोपेनिक डाएट' म्हणून कच्चे सगळे बंद करण्याची पद्धत पुष्कळ वर्षे होती. चाचण्या घेतल्या तेव्हा त्याने संसर्ग कमी होतात असे दिसले नाही. माणूस आधीच खात नाही, त्यात त्याच्या पुढची ताटे हिरावून घेऊ नका. साल काढता येईल असे धुतलेले फळ, ताजे शिजवलेले गरम अन्न, उकळलेले दूध चालते. न तापवलेले दूध, उघड्यावरचा रस, चटण्या, सकाळचा भात रात्री हे टाळावे. शंका आली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. वाढणाऱ्याने आणि भेटायला येणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. तीर्थ आणि पंचामृत यांविषयी सांगणे जिवावर येते, तरी सांगतो: आकडा तळाला असेल तेवढे दिवस तीर्थ डोळ्यांना लावावे, प्यायचे घरच्या दुसऱ्या माणसाने. कुंड्यांत माती कालवायचे कामही तेवढे दिवस दुसऱ्याकडे.

तोंडाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. केमोने तोंड येते आणि त्या जखमांतून तोंडातलेच स्ट्रेप्टोकोकस रक्तात जातात, कधी कधी रक्तदाब पार खाली आणतात. आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात, म्हातारे कडुलिंबाची काडी घासतात. दोन्ही बंद. मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. बद्धकोष्ठ झाले म्हणून घरी एनिमा देऊ नये, गुदद्वारात थर्मामीटर घालू नये; आत ओरखडा निघाला तर जंतूंना दार उघडून दिल्यासारखे होते.

घराच्या फळीवर उरलेल्या प्रतिजैविकांची पाकिटे असतात. २०१६पासून त्यांच्यावर उभी लाल रेघ छापण्याबद्दल सरकारने लोकांना सांगायला सुरुवात केली: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत, ही त्या रेघेची खूण. अशी एखादी गोळी कणकणीवर दिली, की कल्चरची बाटली कोरी राहते, आणि जंतू मात्र तसाच आत असतो. शेजाऱ्याला गेल्या वर्षी उपयोगी पडलेली गोळी तर आणखीच नको.

शेवटी एका जंतूबद्दल, ज्याची गोष्ट उलट्या दिशेने जाते. आतापर्यंत आधी कर्करोग, मग जंतू असा क्रम होता. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस, जुने नाव स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस, म्हणजे गाईबैलांच्या पोटातला. पन्नास-साठीचा एखादा माणूस आठवडेच्या आठवडे तापाने कण्हत असतो, हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेला निघतो, आणि कल्चरमध्ये हे नाव येते. १९५१ साली आतड्याच्या कर्करोगाशी असा मेळ प्रथम नोंदला गेला, आणि १९७७ साली क्लाइन आणि सहकाऱ्यांनी तो ठामपणे मांडला. हा जंतू रक्तात सापडलेल्या पुष्कळांच्या मोठ्या आतड्यात गाठ किंवा पुढे कर्करोग होऊ शकेल असा मोड असतो, आणि त्यांना पोटाचा काहीच त्रास नसतो. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम या दुसऱ्या जंतूचेही तसेच. म्हणून तापाला औषध लागू पडले, झडप सावरली, आता घरी जायचे असे झाले तरी एक प्रश्न विचारायचा राहतो. तुमच्या घरातल्या कोणाच्या रिपोर्टवर यांपैकी नाव आले, तर डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: कोलोनोस्कोपी कधी करायची? तारीख कागदावर लिहून घ्या.